ओसरीवरील गोष्टी : माहेरच्या नांवाचा रकाना

आमच्या घरीं देवघराच्या कोनाड्यांत लाल फडक्यांत बांधलेली एक लांबट वही आहे. माझ्या आजोबांनीं ती घातली, वडिलांनीं चालविली, आणि शाळेंतून निवृत्त झाल्यावर ती माझ्या हातीं आली. कुळांतील प्रत्येक पुरुषाचें नांव, पित्याचें नांव, जन्म, विवाह, वास्तव्य आणि मृत्यु असे तिचे रकाने. दोन वर्षांपूर्वीं आमच्या कुलमंडळानें ठरविलें कीं, कुलवृत्तांताची नवी आवृत्ति काढावयाची. आणि ज्याचें अक्षर बरें व ज्यास वेळ मोकळा, अशा माझ्या गळ्यांत तें काम पडलें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असेंच एखादें काम कोणा ना कोणा निवृत्त मनुष्याकडे असेल. कोठें वाचनालयाची सूचि असेल, कोठें उत्सवाची वर्गणी. त्यांस उपयोगीं पडावें म्हणून मी काय शिकलों, कोठें चुकलों आणि त्या चुकीनें मला काय शिकविलें, तें या खेपेस सांगतों.

वही बदलण्याची कल्पना माझी नव्हे. पुतण्याची मुलगी वैदेही पुण्यास अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकते. दिवाळीच्या सुटींत ती आली, वही चाळून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, नागपूरच्या काकांचा पत्ता या वहींत सात ठिकाणीं आहे, आणि त्यांपैकीं तीन ठिकाणीं तो चुकीचा आहे." खरेंच होतें. काकांनीं बिऱ्हाड बदललें तेव्हां मीं चार जागीं दुरुस्ती केली आणि तीन जागा राहून गेल्या. "हें सारें आपण डेटाबेसमध्यें घालूं," ती म्हणाली. "एक गोष्ट एकाच जागीं लिहावयाची. बाकी सर्वत्र तिचा नुसता क्रमांक द्यावयाचा."

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास हा विचार परका वाटत नाहीं. पाणिनीच्या सूत्रांत एकदां उच्चारलेलें पद पुढील सूत्रांत पुन्हां उच्चारीत नाहींत. तें अनुवृत्तीनें तेथें येतें. मीं ही उपमा मोठ्या हौसेनें दिली, तेव्हां वैदेहीनें एक भेद दाखविला. सूत्रांचा क्रम मोडला तर अनुवृत्ति मोडते. येथें ओळींस क्रम असा नाहींच. कोणती ओळ आधीं आणि कोणती मागून, यावर अर्थ मुळींच अवलंबून नसतो. ओळ ओळखावयाची ती तिच्या स्वतःच्या क्रमांकावरून. त्यास ‘प्रायमरी की’ म्हणतात.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडणारे गृहस्थ म्हणजे एडगर कॉड. त्यांचा जन्म १९२३ सालीं इंग्लंडांत झाला. ऑक्सफर्डला ते गणित शिकले, दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं विमान चालविलें, आणि पुढें अमेरिकेंत आयबीएम कंपनींत ते काम करूं लागले. १९७० च्या जून महिन्यांत त्यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. तोंवर यंत्रांतील माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणें किंवा साखळीच्या कड्यांप्रमाणें जोडलेली असे. हवी ती नोंद काढावयाची तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जावें, ही वाट विचारणारास पाठ असावी लागे. कॉड म्हणाले कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. काय हवें तेवढेंच सांगा. वाट शोधण्याचें काम यंत्राचें. या कार्याबद्दल त्यांस १९८१ सालीं ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ‘रिलेशनल’ या शब्दानें मी प्रथम फसलों. दोन कोष्टकांमधील नातें म्हणून हें नांव असेल, असें मला वाटलें. पण ‘रिलेशन’ हा गणितांतील शब्द आहे, आणि त्याचा रोख प्रत्यक्ष कोष्टकाकडेच आहे. एका ओळींतील मूल्यांचा परस्परांशीं जो संबंध, तशा ओळींचा समुच्चय म्हणजे रिलेशन.

या कोष्टकांशीं बोलण्याची भाषा डोनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं जगापुढें ठेविली. बॉइस बिचारे त्याच वर्षीं ऐन तारुण्यांत निवर्तले. आज त्या भाषेस एसक्यूएल म्हणतात. तिचें साधें वाक्य तीन प्रश्नांचें उत्तर देतें: काय हवें, कोठून हवें, कोणत्या अटीवर हवें. ‘सिलेक्ट नांव फ्रॉम व्यक्ति व्हेअर गांव = 'वाई'’ असें लिहिलें कीं वाईच्या सर्व मंडळींचीं नांवें पुढें येतात. ‘वाई’ या शब्दाभोंवतीं जीं दोन अवतरणचिन्हें आहेत, त्यांकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्यांवरूनच एक प्रकरण उपस्थित झालें.

आतां ही कोष्टकें देशोदेशींच्या आप्तांनीं पाहावयाचीं कशीं? यासाठीं मधला कारभारी लागतो. डेटाबेस म्हणजे कुलूपबंद कोठीघर समजा, आणि संगणकाच्या पडद्यावर दिसणारें पान म्हणजे ओसरी. पाहुण्यास कोठींत कोणी शिरूं देत नाहीं. तो ओसरीवर मागणी करतो. कारभारी कोठींत जातो, किल्ली दाखवितो, नेमकी मागणी सांगतो, मिळालेला जिन्नस ताटांत नीट मांडून ओसरीवर आणतो. आमच्या घरीं या कारभाऱ्याचें नांव पीएचपी. ग्रीनलंडांत जन्मलेल्या रास्मस लेर्डॉर्फ यांनीं १९९४ सालीं आपल्या स्वतःच्या पानासाठीं तो घडविला आणि १९९५ सालीं सर्वांस खुला केला. त्याचा एक स्वभाव ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ताट पोंचवून झालें कीं तो सारें विसरतो. पुढच्या मागणीस तो नवाच जन्म घेऊन येतो, पुन्हां किल्ली दाखवितो, पुन्हां विचारतो. म्हणून जें टिकावें असें वाटतें, तें कोठींतच ठेविलें पाहिजे. आणि कारभाऱ्याच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या देऊं नयेत. ज्यास वाचून दाखवावयाचें व नवी नोंद घालावयाची एवढेंच काम आहे, त्यास पुसून टाकण्याचा अधिकार कशास?

आमच्या कारभाऱ्याची पहिली परीक्षा एका सुनेच्या नांवानें घेतली. थोरल्या दादांच्या धाकट्या मुलानें वसईच्या एका मुलीशीं विवाह केला आहे. परदेशांतील मुलांना देवनागरी वाचतां येत नाहीं, म्हणून आम्हीं नांवाचा एक रोमन लिपींतला रकाना ठेविला होता. त्यांत तिचें माहेरचें आडनांव डिसोझा घालतांच पान कोसळलें. त्या आडनांवाच्या रोमन लेखनांत पहिल्या अक्षरानंतर वर एक लहानशी खूण असते, आणि ती हुबेहूब अवतरणचिन्हासारखी. यंत्र समजलें कीं नांव पहिल्या अक्षराशींच संपलें. उरलेलीं अक्षरें त्यास आज्ञेचा भाग वाटलीं, आणि तसली आज्ञा त्यास ठाऊक नव्हती. बातमी ओसरीवर गेली. दादा म्हणाले, "ती खूण गाळून टाक कीं. कोण पाहतो?" दुसरे एक म्हणाले, "सासरचें नांव आहेच. माहेरचें कशाला हवें?" वैदेही शांतपणें म्हणाली, "आजोबा, दोष तिच्या नांवांत नाहीं, आपण वाक्य चुकीचें रचलें त्यांत आहे."

आणि तेंच खरें होतें. मीं पाहुण्यानें दिलेला शब्द जसाच्या तसा आज्ञेच्या वाक्यांत चिकटवीत होतों. भल्या माणसाच्या नांवानें यंत्र अडखळलें, एवढ्यावरच निभावलें. परंतु कोणी दुष्ट बुद्धीनें नांवाच्या जागीं ती खूण घालून पुढें स्वतःचीच अट लिहिली, तर कारभारी ती निमूटपणें कोठींत नेऊन सांगेल आणि साऱ्या नोंदी त्याच्या पुढ्यांत ओतील. या प्रकारास एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून त्यावर उघडपणें लिहिलें गेलें आहे, तरी लोक अजून त्यांत सांपडतात. उपाय सोपा आहे. आधीं आज्ञेचा सांगाडा पाठवावयाचा, त्यांत मूल्याच्या जागीं नुसतें प्रश्नचिन्ह. मग मूल्यें वेगळीं द्यावयाचीं. म्हणजे पाहुण्यानें कांहींही लिहिलें तरी तें वस्तु म्हणूनच आंत जातें, आज्ञा म्हणून नव्हे. पीएचपींत हें काम ‘पीडीओ’ किंवा ‘मायएसक्यूएलआय’ यांच्या द्वारें होतें. जुन्या पुस्तकांत मायएसक्यूएल या अक्षरांनीं सुरू होणारीं जीं साधीं फंक्शनें शिकविलीं आहेत, तीं २०१५ च्या डिसेंबरांत पीएचपीची सातवी आवृत्ति आली तेव्हां काढून टाकण्यांत आलीं. जुन्या पुस्तकावरून शिकणारांनीं एवढें पाहून घ्यावें. असो. त्या सायंकाळीं सुनेचें नांव खुणेसकट कोष्टकांत बसलें.

देवनागरीचाही एक धडा मिळाला. कोष्टक, जोडणी आणि पान, तिघांनींही एकच अक्षरपद्धति मान्य केली नाहीं, तर नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. मायएसक्यूएलमध्यें त्यासाठीं ‘यूटीएफएट एमबीफोर’ ही पद्धति निवडावी. मीं कुतूहलानें पीएचपीस विचारलें, ‘आजी’ या शब्दाची लांबी किती? एका फंक्शनानें सांगितलें नऊ, दुसऱ्यानें तीन, तिसऱ्यानें दोन. तिन्ही उत्तरें खरीं आहेत. पहिलें फंक्शन बाइट मोजतें, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. दुसरें चिन्हें मोजतें: आ, ज आणि दीर्घ ईची वेलांटी. तिसरें मात्र आपल्यासारखें अक्षरें मोजतें. काय मोजावयाचें हें न ठरवितां मोजूं नये, एवढाच यांतला बोध.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. कोष्टकाची आंखणी करतांना मीं वहींतलेच रकाने उतरवून दिले. वैदेही पाहत राहिली. म्हणाली, "आईचा रकाना कोठें आहे?" मीं म्हटलें, "कुलवृत्तांत पित्यावरून चालतो. मुलींची संख्या आपण देतों कीं." ती हंसली. "आजोबा, आपण ज्या मायएसक्यूएलमध्यें हें भरणार, त्यांतलें ‘माय’ काय आहे ठाऊक आहे? तें करणारांपैकीं फिनलंडचे मायकेल विडेनियस यांच्या मुलीचें नांव आहे. पुढें त्यांनीं मारियाडीबी काढला, त्यास धाकट्या मारियाचें नांव दिलें. लेकीच्या नांवाच्या वहींत तुम्ही लेकींची नुसती संख्या लिहिणार?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. सदतीस वर्षें मुलांना प्रश्न विचारले, पण निरुत्तर होण्याचा सराव कमी.

तेव्हां व्यक्तींच्या कोष्टकांत दोन रकाने आले: वडिलांचा क्रमांक आणि आईचा क्रमांक. हे दोन्ही त्याच कोष्टकांतील दुसऱ्या ओळींकडे बोट दाखवितात. यांस ‘फॉरेन की’ म्हणतात, आणि त्यांचा नियम कडक आहे. जी ओळ अस्तित्वांतच नाहीं, तिचा क्रमांक यंत्र स्वीकारीत नाहीं. म्हणजे आई लिहावयाची तर आधीं ती स्वतः एक व्यक्ति म्हणून कोष्टकांत असली पाहिजे. तिचें नांव, तिचा जन्म, तिचें माहेर, सारे रकाने तिच्याही पुढें उघडे झाले. वहीनें जें शंभर वर्षें विचारलें नव्हतें, तें या निर्जीव नियमानें पहिल्याच दिवशीं विचारलें.

महिनाभर बसून मीं ६१२ ओळी भरल्या. मग परीक्षा घ्यावी म्हणून विचारलें कीं, ज्यांचें माहेरचें नांव ‘नल’ बरोबर आहे अशा स्त्रिया दाखव. (माहितीच नसेल तेथें यंत्र ‘नल’ ठेवतें.) उत्तर आलें, एकही नाहीं. मला धन्यता वाटली. वैदेहीनें माझा आनंद फार वेळ टिकूं दिला नाहीं. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामा शब्दही नव्हे. नल म्हणजे अज्ञात. अज्ञाताची तुलना कशाशींही केली तरी उत्तर ‘होय’ नसतें आणि ‘नाहीं’ही नसतें, तेंही अज्ञातच. दोन अज्ञात गोष्टी परस्परांशीं समान आहेत, असें तरी कोणीं सांगावें? म्हणून ‘बरोबर नल’ असें न विचारतां ‘इज नल’ असें विचारावें लागतें. तसें विचारलें, आणि पडदा भरून नांवें खालीं उतरत गेलीं. कुळांत आलेल्या २०३ स्त्रियांपैकीं १४७ जणींचें माहेरचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या यादींत सतरावी ओळ माझ्या आजीची होती.

जिच्या मांडीवर मी वाढलों, तिला सारें घर ‘मोठी आई’ म्हणे. वहींत ती ‘सीता’ होती. त्यापूर्वीं ती कोण होती, हें मीं तिला कधीं विचारलें नाहीं. हें सांगूं शकेल असें एकच माणूस उरलें होतें: माझी आत्या, वय वर्षें एक्याण्णव, वास्तव्य वाई. मी दुसऱ्या दिवशींच एसटीनें निघालों. आत्या अंगणांत उन्हाला बसली होती. मीं विचारलें. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "आज कसें रे सुचलें बाळ तुला? तिचें नांव द्वारका. लग्नांत तुझ्या आजोबांनीं ताटांतल्या तांदुळांत ‘सीता’ लिहिलें, आणि त्या दिवसापासून द्वारका म्हणून तिला कोणीं हांक मारली नाहीं. तिची आई कधीं आली तर तीच तेवढी मारी." मग एकेकीचें नांव ती सांगत गेली. दुपार टळेपर्यंत माझ्या खिशांतल्या वहींत बत्तीस नांवें झालीं.

रात्रीं घरीं पोंचल्यावर मला धीर धरवेना. एकतीस नांवें मीं पानावरून नीट भरलीं. आजीचें नांव मात्र आपल्या हातानें थेट आज्ञेनें लिहावें, अशी इच्छा झाली. ‘अपडेट’ म्हणून मीं माहेरच्या नांवाच्या रकान्यांत ‘द्वारका’ लिहिण्याची आज्ञा दिली, आणि भावनेच्या भरांत ‘व्हेअर’ची अट लिहावयास विसरलों. यंत्रानें क्षणांत काम बजावलें. आजीचें माहेरचें नांव द्वारका झालें. तसेंच उरलेल्या साऱ्या स्त्रियांचें झालें, आणि कुळांतील समस्त पुरुषांचेंही झालें. माझ्या आजोबांच्या ओळींतही तेंच नांव. मी सुन्न झालों. एका नांवावर दुसरें नांव लिहिलें गेलें आणि आधींचें कायमचें गेलें, हें तांदुळांतल्या ताटांतही झालें होतें. फरक एवढाच कीं, त्या वेळीं तें कोणास चुकलें असें वाटलें नाहीं.

वैदेहीला फोन केला. ती रागावली नाहीं. रोज रात्रीं ती साऱ्या डेटाबेसची प्रत काढून ठेवीत असे. आदल्या रात्रींची प्रत तिनें परत घातली. त्या दिवसाच्या नोंदी मात्र गेल्या. त्या मीं खिशांतल्या वहींतून पुन्हां भरल्या. प्रत नसती तर माझें महिन्याचें काम गेलें असतें, आणि कागदाची वही नसती तर मला एक्याण्णव वर्षांच्या आत्याला पुन्हां तीं बत्तीस नांवें विचारावीं लागलीं असतीं. तेव्हां ज्या वाचकांस जुनी वही फेंकून देण्याची घाई झाली असेल, त्यांनीं थोडें थांबावें.

या चुकीपासून तीन नियम मीं भिंतीवर लिहून ठेविले आहेत. पहिला: बदलण्याची किंवा पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं तीच अट घालून ‘सिलेक्ट’ करून पाहावें, कोणत्या ओळी हाताखालीं आहेत तें आधीं डोळ्यांनीं दिसूं द्यावें. दुसरा: ‘स्टार्ट ट्रँझॅक्शन’ म्हणून सुरुवात करावी. मग चूक झाली तर ‘रोलबॅक’ म्हणतां येतें, आणि सर्व ठीक असेल तर ‘कमिट’. एरव्हीं मायएसक्यूएल प्रत्येक आज्ञा तत्काळ कायम करून टाकतो. तिसरा: प्रत रोज काढावी, ती दुसऱ्या जागीं ठेवावी, आणि ती परत घालतां येते कीं नाहीं हें संकट येण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

आतां ११५ ओळींत नल उरला आहे. त्यांपैकीं बऱ्याच जणींचें नांव सांगणारें कोणी राहिलेलें नाहीं, आणि त्या ओळी तशाच छापल्या जातील. कुलमंडळांत एकानें सुचविलें कीं, तो रकाना इतका रिकामा दिसण्यापेक्षां गाळावा. मीं म्हटलें, नको. आपणांस ठाऊक नाहीं, हें तरी खरें छापलें जाऊं दे.

वाचकांस विनंती इतकीच. संगणक येत असो वा नसो, घरांत जी सर्वांत वृद्ध स्त्री असेल तिच्यापाशीं आज घटकाभर बसा. तिचें, तिच्या सासूचें आणि तिच्या आईचें माहेरचें नांव विचारा आणि शाईनें लिहून ठेवा. कोष्टकांत घालण्यास पुढें पुष्कळ वेळ आहे. विचारण्यास तितका नाहीं.